विसरणाऱ्यांच्या घरी : काही अनुभवाचे बोल

मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कासूला सासरच्या घरी राहायला आले. पेण आणि नागोठण्याच्या मधलं हे स्टेशन. गावातली मुलं डोलवी, नागोठणे, धाटावच्या कारखान्यांत पाळ्या करतात, काही पहाटेच्या गाडीने पनवेल-दिव्याकडे जातात. दिवसभर घरात असतात म्हातारी माणसं आणि सुना. त्या म्हाताऱ्यांपैकी काहींना स्मृतिभ्रंश आहे. कुणी तसं म्हणत नाही. ‘वय झालं’ म्हणतात आणि विषय संपतो.

देशभरातल्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे की साठीपुढच्या शंभरांमागे सातांहून थोड्या अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा आजार आहे. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. यावर आपल्या शेजारच्या गोव्यात एक मोलाचं काम झालं आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत गृहसेवेचा प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन पूर्णवेळ सल्लागार घरोघरी जायचे, त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. आजार समजावून सांगायचा, वागणुकीचे त्रास कसे हाताळायचे ते शिकवायचं, गरज असेल तरच औषध.

तेच आपल्याकडे, आहे त्या माणसांच्या हातून जमेल का, हे कासूच्या आसपासच्या वाड्यांत काही आशाताई आणि एका ओळखीच्या डॉक्टरांच्या मदतीने आम्ही करून पाहिलं. त्याला संशोधन म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, ती नुसती चाचपणी होती. पण उद्या एखाद्या तालुक्यात कुणी हे सरकारी यंत्रणेतून करायला निघालं, तर त्यांच्या कामी यावं म्हणून लिहिते आहे.

१. गुण येतो का, हे पाहायला चाचपणी नसते

मूठभर घरं घ्यायची, काही महिने जायचं-यायचं आणि शेवटी ‘फरक पडला’ म्हणून मोकळं व्हायचं, हा मोह सगळ्यांना होतो. मूठभर घरांत काहीही दिसू शकतं. एका आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की त्या माणसं ओळखू लागतात, आपण समजतो आपली सेवा फळली. दुसऱ्या घरी ताप येतो आणि आजोबा आठवड्याभरात खालावतात, त्यात आपला दोष नसतो.

गोव्यात ४१ कुटुंबांना सेवा लगेच दिली, ४० कुटुंबांना आधी फक्त माहिती देऊन सहा महिने थांबायला सांगितलं, आणि मोजमाप करणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे कळू दिलं नाही. एवढं केल्यावर त्यांना काही बोलण्याचा अधिकार मिळाला. तरीही सहा महिन्यांच्या शेवटी ८१ पैकी ५९ कुटुंबंच उरली होती. १८ रुग्ण त्या काळात वारले.

हे आकडे मला निकालाइतकेच महत्त्वाचे वाटतात. चाचपणीत विचारायचं ते असं : घरं सापडतात का, दार उघडतं का, ठरलेलं काम ठरलेल्या माणसाकडूनच होतं का, शेवटपर्यंत किती टिकतात, आणि आपण गेल्यावर ते कोण करणार. उत्तरं किती चांगली आली तर पुढे जायचं, कितीवर बदल करायचा आणि कितीवर थांबायचं, हे पहिल्या घरी जाण्याआधी लिहून ठेवावं. तीन महिन्यांत माणूस आपल्याच योजनेच्या प्रेमात पडतो, मग थांबायचा आकडा त्याच्याकडून लिहिला जात नाही.

२. केस पेपरात हा आजार नसतो

अमेरिकेत २०१९पासून स्मृतिभ्रंशाच्या सेवा प्रत्यक्ष दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत तपासण्याचं मोठं जाळं सरकारी पैशावर उभं राहिलं आहे. तिथे रुग्ण शोधायला संगणकातल्या नोंदी चाळतात. आपल्याकडे केस पेपर चाळला तर सापडतं काय? ‘अशक्तपणा’, ‘बीपी’, ‘घरात पडली’, ‘झोप नाही’. आजी चार वर्षं विसरते आहे हे डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि ओपीडीच्या रांगेत त्यांनी विचारलेलंही नसतं.

पण आशाताईंच्या पिशवीत एक कागद आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म त्या भरतात, त्याच्या नव्या आवृत्तीत साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यातला एक असा, की जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? नवीन काहीही न छापता शोध इथूनच सुरू करता येतो.

अडचण प्रश्नाच्या शब्दांत नाही, तो विचारण्याच्या पद्धतीत आहे. आशा ओसरीवर बसून आजोबांनाच विचारते, “नावं विसरता का हो?” आजोबा म्हणतात, “नाय बा.” फॉर्मवर ‘नाही’. आतून सून कपाळाला हात लावून बघत असते. म्हणून आम्ही ठरवलं की आजोबांना विचारायचंच, मान त्यांचा. पण त्यानंतर चुलीपाशी जाऊन सुनेला वेगळं विचारायचं. दुकानातून उरलेले पैसे बरोबर आणतात का? शेतावरून परतताना वाट चुकले का? आमटीत दोनदा मीठ पडतं का? जेवून तासाभराने ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणतात का? अशा प्रश्नांना सुना लगेच उत्तरं देतात. कुणीतरी विचारण्याची वाटच पाहत होत्या असं वाटावं.

केरळात डॉ. के. एस. शाजी आणि सहकाऱ्यांनी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना अगदी थोडं प्रशिक्षण देऊन असे रुग्ण शोधायला लावले होते. त्यांनी ओळखलेल्या दर तिघांपैकी सुमारे दोघांना खरोखर स्मृतिभ्रंश निघाला. मला हा निकाल उत्तम वाटतो. उरलेल्या तिसऱ्याचं काय, असं विचारणारे भेटतात. तो तिसरा बहुतेकदा उदास असतो, बहिरा असतो, त्याला दिसत नसतं किंवा त्याचं थायरॉइड बिघडलेलं असतं. त्याच्याकडेही कुणीतरी पाहायलाच हवं होतं.

३. परीक्षा घ्यायची तर शिकलेल्यांची घेऊ नका

आमच्याकडच्या सत्तरीतल्या बहुतेक बायकांनी शाळा पाहिलेली नाही. त्यांना ‘आज तारीख किती’ विचारणं, वाक्य लिहायला सांगणं, शंभरातून सात-सात वजा करायला लावणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हिंदीत जी चाचणी बसवली, तिच्यात अक्षरं उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगायचे असतात. हे आमच्याकडे चालतं. खाडीकाठच्या माणसाला उधाण कधी आणि भांग कधी हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. ते चुकू लागलं तर कान टवकारावेत. मात्र असे घरगुती प्रश्न बोलणं सुरू करायला ठेवावेत. त्यांना गुण देऊन बेरीज करत बसू नये. निदान डॉक्टरांनी करायचं.

४. सेवा आजींची, पण शिकवणी सुनेची

सगळ्यात जास्त मी शिकले ते इथे.

‘दहा-सहासष्ट’ या नावाचा एक जागतिक संशोधन गट आहे. ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्क्यांहून कमी, म्हणून हे नाव. या गटाने सांभाळणाऱ्यांसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच बैठका आखल्या आहेत. पहिलीत घराची परिस्थिती समजून घ्यायची, दोन आजाराबद्दल बोलण्यासाठी, दोन त्या घरातल्या विशिष्ट त्रासासाठी. कागदावर सोपं आहे. घरात गेल्यावर मात्र आपण आजाराबद्दल बोलायला तोंड उघडतो आणि सून म्हणते, “मॅडम, ते राहू द्या. आई रात्री दोन वाजता कडी काढून बाहेर जातात. समोर रेल्वेची लाईन आहे. त्याचं सांगा.”

म्हणून क्रम उलटा केला. आधी तिचा त्रास, मग माहिती. कडी दाराच्या वर, नजरेच्या पलीकडे बसवली. दुपारची झोप कमी केली, दिवसा अंगणात बसवून लसूण सोलायला, वाल निवडायला दिले. निवडलेले वाल सून नंतर पुन्हा निवडते, ते आजींना कळत नाही आणि कळायची गरजही नाही. रात्रीचं बाहेर जाणं पूर्ण थांबलं नाही, कमी झालं.

दुसरा त्रास चोरीचा. “माझी बोरमाळ हिनंच घेतली,” हे शेजाऱ्यांसमोर. पंधरा वर्षं ज्या सासूचं केलं तिने चारचौघांत चोर म्हणावं, हे सुनेला सहन होत नाही. तिला इतकंच पटवून द्यायचं असतं की आजींना वस्तू ठेवलेली जागा आठवत नाही, म्हणून ती गेली असं वाटतं आणि जवळ असेल त्याच्यावर आळ येतो. वाद घालायचा नाही, “चला, शोधू या” म्हणायचं, बरोबरीने शोधायचं, चहा करायचा. हे मी अनेक घरी सांगितलं. पटायला वेळ लागतो, कारण सुनेला न्याय हवा असतो आणि आपण तिला युक्ती देत असतो. तिचा राग खरा आहे असं आधी म्हटल्याशिवाय युक्ती तिच्या हातात राहत नाही.

अंघोळ हा तिसरा. कोमट पाणी, ठरलेली वेळ, अंगावर साडी तशीच ठेवून तांब्याने पाणी, आणि ते हात सुनेचे असतील तर बरं. मुलाने अंघोळ घालायचा प्रयत्न केला तर आई ओरडते, चावते. तिच्या लेखी तो परका पुरुष झालेला असतो.

गोव्याच्या प्रयोगात ठळक फायदा दिसला तो सांभाळणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यात आणि रुग्णाच्या वागण्याने होणाऱ्या त्यांच्या त्रासात. रुग्णाच्या रोजच्या हालचालींत म्हणावी तशी सुधारणा सिद्ध झाली नाही. तेव्हा मोजायचं असेल तर सुनेची झोप मोजा. आजींची आठवण मोजत बसलात तर आजार जिंकणार आणि तुमची योजना बंद पडणार.

५. पंचांग आणि पाळ्या पाहून तारखा ठरवा

आवणीच्या दिवसांत कासूच्या शिवारात बाई घरी सापडत नाही. गणपतीच्या आधीचे काही महिने पेणच्या कारखान्यांतल्या मूर्तींचं काम, मग कापणी, मग झोडणी. पल्स पोलिओचा आठवडा आला की आशाताई गायब. मुंबईत बसून ‘दर पंधरवड्याला एक बैठक’ असा तक्ता करणाऱ्याने एकदा तरी जुलैत चिखलातून वाडीवर चालत जावं.

याची दुसरी बाजू मात्र कामाची आहे. गौरी-गणपतीला मुंबईचे दीर, नणंदा, पुतणे सगळे घरी येतात. एरवी फोनवर “आई बरी आहे ना?” विचारणारा थोरला मुलगा चार दिवस आईबरोबर राहतो आणि स्वतः पाहतो. कुटुंबाची बैठक घ्यायची ती तेव्हाच. डायपरचा खर्च कोण देणार, सुनेला माहेरी आठ दिवस जायचं तर आईकडे कोण बघणार, हे आरत्या झाल्यावर ओसरीवर ठरू शकतं. आमच्या पाच ठरीव बैठकांनी जे होत नव्हतं ते अशा एका संध्याकाळी होताना मी पाहिलं आहे.

६. ठरलेलं वेगळं लिहा, झालेलं वेगळं लिहा

अमेरिकेतल्या ३६० शुश्रूषागृहांत एक मोठा प्रयोग झाला. अखेरच्या काळातल्या उपचारांविषयी रुग्णांना आणि नातलगांना चित्रफिती दाखवायच्या, एवढंच काम. २०२० साली निकाल आला, फरक नाही. कारण शोधताना दिसलं की जिथे दाखवायची होती तिथेही साधारण पाचातल्या एकालाच चित्रफीत दाखवली गेली होती. न घेतलेल्या औषधाला गुण येत नाही हे सांगायला एवढा खटाटोप झाला, असं वाटून मला आधी हसू आलं, मग आमची वही उघडली.

आशाताईंच्या वहीत ‘बैठक ३ पूर्ण’ असं असतं. प्रत्यक्षात दारातून चौकशी झालेली असते, कारण घरात पाहुणे होते. यात खोटेपणा नाही. रकाना भरायचा म्हणून भरला जातो. त्यामुळे आम्ही साधी वही केली. किती मिनिटं बसलात, कोण हजर होतं, काय बोलणं झालं, काय राहिलं. ‘राहिलं’ हा रकाना सगळ्यात मोठा ठेवला आणि तो भरल्याबद्दल कुणालाही बोलायचं नाही असं ठरवलं. कुठल्या बैठका नेहमी गळतात हे त्यातूनच कळलं. आजाराच्या माहितीची दुसरी बैठक जवळपास कुठेच होत नव्हती. ती आम्ही काढून टाकली.

७. औषधाबद्दल थोडंच

मानसोपचारतज्ज्ञ वाडीपर्यंत येत नाहीत. पेणला किंवा अलिबागला न्यावं लागतं आणि वाट विसरलेल्या माणसाला रिक्षात बसवणं हे दिवसभराचं काम असतं. त्यामुळे मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या झोपेच्या गोळ्या घराघरांत दिसतात. त्यांनी म्हातारी माणसं पडतात. आणि एक गोष्ट प्रत्येक आशाताईला तोंडपाठ हवी : दोन-चार दिवसांत एकदम भ्रम झाला, तर ते नेहमीचं विसरणं समजू नका. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं मीठ कमी होणं यांपैकी काही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

८. सहीचा कागद

प्रयोग म्हटला की संमतिपत्र आलं. नियम योग्यच आहे, पण पेण तालुक्यात म्हाताऱ्या माणसापुढे कागद आणि शाईची पेटी ठेवली की घरात शांतता पसरते. “कसला कागद? सातबाऱ्याचा तर नाय ना?” या भागाने जमिनीचे व्यवहार फार पाहिले आहेत. प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्यायच्या की नाही यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं होतं. महामार्गाच्या रुंदीकरणातही जमिनी गेल्या. ज्याला आता काही आठवत नाही त्याचा अंगठा घेण्यावरून भावाभावांत कोर्टकज्जे झालेली घरं आहेत. अशा घरी आपण अंगठा मागतो तेव्हा लोक घाबरतात ते उगाच नाही.

म्हणून पहिल्या भेटीत कागद काढूच नये. दुसऱ्या भेटीत गावातल्या विश्वासाच्या माणसासमोर तो मोठ्याने वाचावा, घरातल्या एकाहून अधिक भावंडांना ऐकवावा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी. आणि कागदावर अंगठा आहे म्हणून आजोबांची संमती कायमची मिळाली असं समजू नये. प्रत्येक भेटीत त्यांना विचारायचं, “बसू का?” त्यांनी तोंड फिरवलं, हात झटकला, की त्या दिवशी उठायचं. शब्द गेले तरी नकार देता येतो आणि तो नकार मानायचा असतो.

९. “काकू, हे कुठल्या हेडखाली लिहू?”

एका आशाताईने मला विचारलेला हा प्रश्न माझ्या मते सगळ्या चाचपणीतला सर्वांत महत्त्वाचा आहे. आशांचं मानधन बऱ्याच अंशी कामागणिक ठरतं. बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या भेटी दिल्या की त्याचे पैसे आहेत, तपासणी फॉर्म भरल्याचे आहेत, रक्तदाब-मधुमेहाच्या पाठपुराव्याचेही आहेत. फॉर्मवर ‘विसरतात’ असं आल्यावर त्या घरी पुन्हा पुन्हा जाण्याचा रकाना मला तिच्या यादीत दिसला नाही. आमच्याकडे या बाया आल्या त्या ओळखीखातर. ओळखीवर कासू चालेल, रायगड जिल्हा चालणार नाही.

महाराष्ट्रापुढे याचं उत्तम उदाहरण घरचंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती देखभालीची पद्धत बसवली. आधी फक्त नोंदी, मग एकेक काम वाढवत नेलं, आणि हे सगळं गावातल्या थोड्या शिकलेल्या बाईला करता येईल अशा बेताने. १९९९ साली निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला, २०११मध्ये ते काम देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झालं, आणि त्याबरोबर मोबदलाही ठरला. म्हणून ते टिकलं. उलट बाजूला बल्लारी आहे. १९८५च्या सुमारास बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने तिथे जिल्हा मानसिक आरोग्याचा प्रयोग केला, तो चांगला झाला, त्यावरून १९९६ साली देशाचा कार्यक्रम निघाला. पण बल्लारीच्या पाठीशी जशी तज्ज्ञ संस्था उभी होती तशी प्रत्येक जिल्ह्याच्या पाठीशी नव्हती, आणि अनेक ठिकाणी कार्यक्रम कागदावर राहिला.

तेव्हा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना माझं सांगणं असं आहे की नवी योजना, नवं नाव, नवा फलक काही नको. जो प्रश्न फॉर्मवर आधीच छापलेला आहे त्याच्यापुढे एक रकाना वाढवा : ‘हो’ असेल तर तीन घरभेटी, आणि त्यांचा मोबदला. एका उपकेंद्रात वर्षभर करून पाहा. जमलं नाही तर बंद करा, पण कुठे अडलं ते लिहून मग बंद करा.

आणि वाचकांनो, तुमच्या घरी आशाताई तो फॉर्म घेऊन येईल तेव्हा आजी-आजोबांचं उत्तर झालं की तिला आत बोलवा आणि जे रोज पाहता ते सांगा. ती येईपर्यंत थांबवत नसेल तर ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक १४५६७ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फुकट आहेत. सांभाळणारी व्यक्ती स्वतःसाठीही फोन करू शकते.